तुर्की लोकगीतांतले डोंगर, पक्षी आणि काळी माती

अनातोलियातल्या लोकगीतांना ‘तुर्कू’ म्हणतात. त्यांतला निसर्ग शोभेपुरता येत नाही. गाणारा डोंगराशी भांडतो, नदीला शाप देतो, पक्ष्याला निरोप सांगतो. प्रियेचं गाव घाटापलीकडे असलं, की डोंगराला वाट सोडायची विनवणी होते. किझिलर्माक नदीने नवरी गिळली, की गाव नदीलाच जाब विचारतं.

यामागे जगण्याची रीत आहे. तोरोस पर्वतातले मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन ‘यायला’वर, म्हणजे उंचावरच्या कुरणांत चढत आणि थंडीत चुकुरोवाच्या मैदानात उतरत. 17व्या शतकातला काराजाओग्लान याच मुलखाचा कवी. 1865 साली ऑटोमन सरकारने फौज पाठवून या मेंढपाळ टोळ्यांना मैदानात सक्तीने वसवायला घेतलं. उकाड्याने, हिवतापाने माणसं दगावली. त्या काळचा कवी दादालोग्लू याच्या गाण्यांत डोंगर अडसर राहत नाही, हक्काचा आसरा होतो. त्याच्या अवशार टोळीची ‘बोझलाक’ गाणी ठेक्यात बांधलेली नसतात. आवाज एकदम वरच्या पट्टीत लागतो आणि सावकाश उतरतो. 1936 साली हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक अदाना परिसरात फोनोग्राफ घेऊन फिरला, तो अशाच लोकांची गाणी टिपायला.

पक्ष्यांमध्ये मान क्रौंचाचा. तो ऋतूंबरोबर ये-जा करतो, म्हणून परमुलखात अडकलेला माणूस त्याच्याकडे घरची खबर मागतो. अलेवी पंथीयांना त्याच्या आवाजात हजरत अलींचा आवाज ऐकू येतो. त्यांच्या ‘सेमाह’ या भक्तिनृत्यात क्रौंचाच्या हालचाली उतरल्या आहेत.

या सगळ्या परंपरेत मला सर्वांत थोर वाटतो तो लोककवी आशिक वेसेल (1894–1973). सिवास प्रांतातल्या सिव्रिआलान गावचा हा शेतकऱ्याचा मुलगा. सातव्या वर्षी देवीच्या साथीत एक डोळा गेला, पुढे दुसराही, आणि वडिलांनी हातात साझ हे तंतुवाद्य दिलं. पुढे पहिली बायको दुसऱ्याबरोबर निघून गेली. त्याने गावात फळबाग लावली, ग्रामशिक्षक घडवणाऱ्या शाळांतून साझ शिकवला. ‘कारा तोपराक’ म्हणजे काळी माती, हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं. माणसांनी पाठ फिरवली तरी मातीने साथ सोडली नाही, असं तो सांगतो. कुदळीने घाव घातले तरी तिने भाजी दिली, फळं दिली. आणि शेवटी कुशीत घेणारीही तीच. रंग-रूप दिसत नसलेल्या माणसाने हाताला लागलेली जमीन गायली, म्हणून त्या गाण्यात एकही उसनी उपमा नाही.

मरेपर्यंत त्याने साझ सोडला नाही. त्याच्या आवाजातली ध्वनिमुद्रणं आज सहज मिळतात. ‘कारा तोपराक’ जरूर ऐका, पण अर्थ शेजारी ठेवून ऐका. नुसत्या चालीवर हे गाणं निम्मंच पोचतं.