सावली बघा, इंद्रधनुष्य सापडेल

चिकलठाणा वेधशाळेत किती मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, हे दुसऱ्या दिवशी पेपरात वाचायला मिळतं. इंद्रधनुष्य कधी आणि कुठे दिसेल, हे मात्र आपलं आपल्यालाच काढता येतं. त्यासाठी स्वतःची सावली पुरते.

भाद्रपदातल्या एका दुपारी चिकलठाणा विमानतळाच्या पुढे, जालना रोडलगत उभी होते. सर जालन्याच्या अंगाला सरकली आणि मागून ऊन पडलं. समोर कमान उमटली. हात लांब करून, बोटं ताणून, डोक्याच्या सावलीपासून वर मोजत गेले. दोन विती भरल्या तिथे तांबडा पट्टा होता. ताणलेली वीत डोळ्याला साधारण 20 अंशांची भरते, आणि तांबड्याचा कोन आहे 42 अंश.

हा कोन थेंबाच्या गोलाईतून येतो. किरण थेंबात शिरताना वाकतो, मागच्या बाजूवरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. बाहेर पडणारे किरण निरनिराळ्या कोनांत जातात, पण 42 अंशांजवळ त्यांची दाटी होते. देकार्तने 1637 मध्ये एकेका किरणाचा मार्ग गणिताने काढून हे दाखवलं. जांभळा जास्त वाकतो, त्याची दाटी 40 अंशांजवळ होते, म्हणून तो आतल्या कडेला.

उरलेले किरण कमानीच्या आत पसरतात. आतलं आभाळ म्हणूनच उजळ दिसत होतं आणि बाहेरचं काळपट. त्या काळपट पट्ट्यापलीकडे, 51 अंशांवर, दुसरी फिकट कमान होती. थेंबात दोनदा परतलेल्या किरणांची ती कमान, म्हणून तिचे रंग उलटे. टपोरे थेंब सरून भुरभुर उरली, तसा तांबडा फिका पडत गेला.

सूर्य 42 अंशांच्या वर असला की सगळी कमान क्षितिजाखाली जाते. सावली आपल्या उंचीएवढी झाली की सूर्य 45 अंशांवर असतो. ती उंचीहून जराशी लांब झाली की कमानीची वेळ सुरू झाली. जुलैअखेरीस इथे भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे चारच्या आधी कमान शोधू नये. सप्टेंबरात साडेतीनपासून जालन्याकडे तोंड करून बघावं. सकाळी नऊच्या आत सर आली, तर जालन्याकडे पाठ करायची. कमान शहराच्या बाजूला असेल.