मनोऱ्याचं घड्याळ चुकलं तर टी.व्ही.चं काय?



युद्धाच्या दिवसांत हैफाकडे राहणाऱ्या माझ्या वहिनींचा फोन आला. मोबाइलच्या नकाशावर त्या म्हणे बैरूतला पोचल्या होत्या! उत्तरेत तेव्हा जीपीएसमध्ये मुद्दाम घोळ घातला जात होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वहिनी विचारतात, "आता माझा टी.व्ही. पण बंद पडणार का गं?" त्यांच्याकडे केबल नाही. खिडकीत अँटेना, टी.व्ही.खाली मेमीर आणि महिन्याचं बिल शून्य, म्हणजे आपला ईदान प्लस. सायरनच्या दिवसांत एकट्या बाईला घरात तेवढाच आवाज.

मी म्हटलं, टी.व्ही.चा आणि जीपीएसचा काय संबंध? पण शोधून वाचलं तेव्हा कळलं की संबंध चांगलाच आहे.

जुन्या अॅनालॉग काळात जवळजवळच्या मनोऱ्यांना वेगवेगळे चॅनेल द्यावे लागत, नाहीतर पडद्यावर दुहेरी भुतं दिसायची. ईदान प्लस २००९ साली सुरू झालं आणि ३१ मार्च २०११ ला इथलं अॅनालॉग बंद झालं. डिजिटलमध्ये अनेक मनोरे एकाच चॅनेलवर बोलू शकतात. अट एवढीच की सगळ्यांनी तेच, त्याच लहरीवर आणि त्याच वेळी बोलायचं.

हे बोलण्याचं काम मॉड्युलेटर करतो. त्याच्याकडे कार्यक्रम १८८ बाइटच्या पुड्यांमध्ये येतात. प्रत्येक पुडीला तो १६ बाइट जास्तीचे जोडतो. त्यामुळे वाटेत ८ बाइट बिघडले तरी घरचा मेमीर ते दुरुस्त करतो. मग हा सगळा माल ६८१७ बारीक लहरींवर वाटून हवेत सोडतो.

खरी गंमत वेळेची आहे. मुख्य केंद्रातून माल प्रत्येक मनोऱ्यापर्यंत वेगळ्या वाटेने जातो, कुठे लवकर तर कुठे उशिरा. आमच्या वॉर्डातही संध्याकाळची औषधं कधी पाचला येत, कधी साडेपाचला. आली म्हणून लगेच देत नसू. चार्टवर सहा लिहिलं असेल तर सहालाच. तसंच इथे. साधारण अर्ध्या सेकंदाला एक चिठ्ठीची पुडी येते: हा गठ्ठा अमुक क्षणी सोडा. ती वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत मोजलेली. ज्याच्याकडे माल आधी पोचला, तो धरून ठेवतो. आणि सगळ्यांचं घड्याळ एकच असावं म्हणून प्रत्येक मनोऱ्यावर जीपीएस रिसीव्हर. तो सेकंदाला एक ठोका देतो आणि १० मेगाहर्ट्झचा स्थिर ताल देतो, ज्यावरून लहरींचा मेळ राहतो.

थोडा उशीर चालतो. ८९६ मायक्रोसेकंदाच्या प्रत्येक तुकड्याआधी त्याच्याच शेपटाची नक्कल जोडलेली असते, जास्तीत जास्त २२४ मायक्रोसेकंदांची. एका मायक्रोसेकंदात लहर ३०० मीटर जाते. म्हणजे दुसरा मनोरा सुमारे ६७ किलोमीटर जास्त लांब असला तरी त्याचा सिग्नल मदतच करतो. पण घड्याळ १०० मायक्रोसेकंदांनी चुकलं तर त्यातले ३० किलोमीटर फुकट गेले. त्याच्यापुढे गेलं की तोच मनोरा शत्रू होतो. सिग्नल जोरदार, तरी चित्राचे चौकोन.

मग जीपीएस गेलं तर? यंत्रात स्वतःचं घड्याळ असतं, एका तापमानाला उबेत ठेवलेला क्रिस्टल, आमच्या इन्क्युबेटरमधल्या बाळासारखा. त्यावर मनोरा कित्येक तास काढतो. जीपीएस खोटं बोलू लागलं तर मात्र जास्त वाईट. पण मनोरा काही फिरत नाही. आपण अचानक बैरूतला कसे, हे चांगल्या रिसीव्हरला ओळखता येतं आणि तो ती वेळ घेत नाही. काही ठिकाणी वेळ केबलनेही पाठवतात.

क्रिस्टलही फार भरकटला, तर मॉड्युलेटर स्वतःच गप्प बसेल अशी सोय करता येते. मला हे फार पटलं. चुकीच्या वेळी दिलेल्या औषधापेक्षा न दिलेला डोस कधीकधी बरा, हे प्रत्येक नर्सला ठाऊक आहे. एक मनोरा मुका झाला तर शेजारचा पुष्कळ घरं सांभाळतो. बेताल झाला तर शेजाऱ्याचंही बिघडवतो.

वहिनींना मी एवढंच सांगितलं, की चौकोन दिसले तर आधी अँटेना जरा फिरवून एकाच मनोऱ्याकडे नीट तोंड करा. लगेच बूस्टर आणू नका. तो उशिरा आलेल्या सिग्नललाही तेवढाच मोठा करतो.