ताट आपलं, भूक त्यांची
(लेखमाला : मुलांचं जेवण, भाग ५)

एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र रात्रंदिवस चालतं, त्यामुळे तिथल्या कामगारांची घरं एका घड्याळावर चालत नाहीत. वडिलांची पहिली पाळी असली की पहाटे डबा, दुसरी असली की त्यांचं जेवण रात्री उशिरा, आणि रात्रपाळी असली की दिवसा घरात आवाज करायचा नाही. या ओढाताणीत लहानग्याचं जेवण ‘उरकायचं काम’ होऊन बसतं. समोर मोबाइल, आजीच्या हातात वाटी, आणि मूल मान फिरवत असतानाही शेवटचा घास तोंडात सारायचा. यामागची माया खरी असते. तरीही मला ही सवय घातक वाटते. आपलं पोट भरलं की नाही, हे ओळखायची उपजत जाण त्या मुलाकडे असते आणि आपण रोज तीच बोथट करत असतो.

अमेरिकी आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी याबाबत एक साधी वाटणी सुचवली आहे. काय वाढायचं, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. वाढलेल्यातलं काय खायचं, किती खायचं, की आज नकोच, हे मुलानं.

‘मग पोर नुसता गुळांबाच खाईल!’ असं कुणीही म्हणेल. इथे क्लॅरा डेव्हिस या बालरोगतज्ज्ञ बाईंचा प्रयोग आठवतो. त्यांनी 1928 पासून त्याविषयी लिहिलं. नुकतंच दूध सुटलेल्या 15 बाळांना 34 साध्या पदार्थांतून हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. प्रत्येकाची आवड वेगळी निघाली, एखाद्या दिवसाचं खाणं तर अगदी विचित्र असे, पण मुलं उत्तम वाढली. मुडदूस झालेलं एक बाळ बरं होईपर्यंत आपणहून कॉडलिव्हर तेल घेत राहिलं. मात्र या प्रयोगाची मेख त्या 34 पदार्थांत होती. त्यांत साखर नव्हती, तळलेलं-पाकीटबंद काही नव्हतं. निवड मुलांची होती, पण यादी मोठ्यांनी केलेली होती. हे विसरून ‘मुलाला हवं ते द्या’ म्हणणं चूक आहे.

लालूच दाखवण्याचंही तसंच. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना केफिर हे ताकाच्या जातीचं पेय दिलं. काहींना ते प्यायल्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी मिळाली. पुढे त्याच मुलांची केफिरची आवड घटली. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ म्हटल्यावर मूल हेच शिकतं की भाजी ही सोसायची गोष्ट आणि चॉकलेट हे खरं खाणं.

पाळीच्या घरात हे जमवायचं कसं? वडिलांची वेळ बदलली तरी मुलाची बदलू नका. दोन-तीन जेवणं आणि मधलं एक-दोन वेळचं खाणं ठरावीक वेळी असू द्या, आणि त्यांच्या मध्ये फक्त पाणी. जेवणाच्या अर्धा तास आधी टपरीवरचं पाच रुपयांचं पाकीट हातात पडलं, तर भूक उरणार कुठून? शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा 2020 चा नियम आहे. घराच्या उंबरठ्याचा नियम आपणच करायचा.

ताटात बाजरीची भाकरी, वरण, मेथी किंवा गिलक्याची भाजी असेल, तर मुलाला नक्की आवडणारी एक गोष्टही ठेवा; दही-भात चालेल. नवी भाजी चमचाभरच वाढा आणि गप्प राहा. ती आवडायला दहा-पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण बहुतेक तिसऱ्या वेळीच हार मानतो. आणि घरातलं कुणीतरी एक, ज्याची पाळी नसेल ते, मुलाबरोबर बसून तेच जेवू द्या.

हे सगळं घरात पुरेसं अन्न असलेल्या, नीट वाढणाऱ्या मुलांबद्दल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 36.1 टक्के मुलं कमी वजनाची आढळली. तुमच्या मुलाचं वजन वाढत नसेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा पदार्थ एकेक करून सुटत चालले असतील, तर ही वाटणी पुरेशी नाही. अंगणवाडीत वजन करून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या डब्याविषयी. तोवर एवढं करून पाहा : मुलानं ‘पोट भरलं’ म्हटलं की ताट उचला, आणखी एका घासाचा आग्रह करू नका.