कॉर्डलेस ड्रिल घेताय? आधी भिंत ओळखा!

सोलापूर - नव्या सदनिकेत राहायला गेल्यावर पहिले काम निघते ते पडदे लावण्याचे. खिडकीवर दांडा बसविण्यासाठी चार भोके पाडायची, एवढेच. सुताराला निरोप धाडावा, तर 'उद्या येतो' या उत्तरात आठवडा निघून जातो. आणि आलाच, तर चार भोकांसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी सांगतो. त्यात त्याचेही काही चुकत नाही. मग घरातील कोणीतरी बॅटरीवर चालणारे, म्हणजेच कॉर्डलेस ड्रिल मागविते.

प्रस्तुत प्रतिनिधीनेही तेच केले. यंत्र नवे कोरे, बॅटरी पूर्ण चार्ज केलेली. बिट जेमतेम अर्धा इंच आत शिरले आणि तेथेच अडले. दहा मिनिटे जोर लावल्यावर बिटाचे टोक तापून निळसर पडले, भिंतीतून मात्र चिमूटभर करड्या भुकटीपलीकडे काही निघाले नाही. दोष यंत्राचा नव्हता. खिडकीच्या बरोबर वर सळ्या घातलेल्या काँक्रीटची आडवी तुळई असते, तिला लिंटेल म्हणतात. पडद्याचा दांडा लावण्याची जागा नेमकी तीच. घरगुती ड्रिलची पहिली परीक्षा अशी घरातील सर्वांत कठीण भागावर होते आणि अनेक यंत्रे त्यानंतर कायमची माळ्यावर जातात.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपल्या घराची भिंत कशाची आहे, हे पाहावे. सोलापूरसारख्या शहरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे, कारण येथे एकाच रस्त्यावर तीन पिढ्यांच्या भिंती उभ्या आहेत. जुन्या पेठांतील वाडे आणि गिरण्यांच्या काळातील बांधकामांत काळा पाषाण आढळतो. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेल्या लाव्हाचा हा बेसॉल्ट. त्यानंतरची घरे भाजलेल्या विटांची आणि सिमेंटच्या गिलाव्याची. अलीकडच्या इमारतींत राखेच्या विटा किंवा वजनाला हलके, सच्छिद्र असे एएसी ठोकळे वापरले जातात. खांब, तुळया आणि छत अर्थातच काँक्रीटचे. शहरालगत कुंभारी येथील 'रे नगर' वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार घरे असंघटित कामगारांच्या हाती आली. अशा नव्या घरात प्रवेश करताना भिंत कशाची आहे, हे बांधणाऱ्याला विचारून ठेवणे फुकटचे आणि फार उपयोगाचे आहे.

या भिंतींतील फरक किती? दाब सोसण्याची क्षमता हे त्याचे माप. एएसी ठोकळा एका चौरस मिलिमीटरवर साधारण ३ ते ५ न्यूटन दाब सोसतो. साध्या विटेची क्षमता त्याच पातळीवर किंवा थोडी वर असते. घरबांधणीतील 'एम-२०' प्रतीच्या काँक्रीटसाठी हा आकडा २० आहे. चांगला काळा पाषाण शंभराच्या पुढे जातो. विटेत लोण्यासारखे शिरणारे यंत्र पाषाणासमोर हात टेकते, ते यामुळे.

विचारायला कोणी नसेल, तर भुकटी पाहावी. गिलाव्याचा पहिला अर्धा इंच करडाच असतो, त्यावरून काही ठरवू नये. पुढे लाल भुकटी आली की वीट. पांढरट, पिठासारखी आणि भराभर निघू लागली की एएसी ठोकळा. करडी भुकटी येत असून बिट सहज पुढे सरकत असेल, तर राखेची वीट. करडी, अगदी थोडी आणि हाताला हादरे बसत असतील, तर काँक्रीट. शेवटच्या स्थितीत जोर वाढवू नये, जागा बदलावी. लिंटेलची उंची बहुधा सहा इंच असते आणि ते खिडकीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत सुमारे तितकेच गेलेले असते. दांड्याची पट्टी त्याच्या वर किंवा बाजूला सरकविली, की तेच ड्रिल मुकाट्याने काम करते. आमचे पडदे अखेर असेच लागले, दोन बोटे अधिक उंच.

आता यंत्राकडे वळू. बाजारात सारखीच दिसणारी तीन यंत्रे आहेत आणि नावांमुळे मोठा घोटाळा होतो. 'ड्रिल ड्रायव्हर' नुसते फिरते; लाकूड, पत्रा आणि स्क्रू यांसाठी ते उत्तम. 'इम्पॅक्ट ड्रिल' फिरता फिरता पुढे-मागे बारीक ठोकेही देते. विटेच्या भिंतीसाठी हवे ते हेच. तिसरा 'इम्पॅक्ट ड्रायव्हर'. नावात इम्पॅक्ट असले, तरी त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात. मोठे स्क्रू आवळणे हे त्याचे काम, भिंतीला भोक पाडणे नव्हे. खोक्यावर हातोड्याचे चिन्ह आहे का, ते पाहावे. बॉशसारख्या कंपनीच्या यंत्रांत फरक अक्षरांवरूनही कळतो: 'जीएसआर' म्हणजे ठोक्याविना, 'जीएसबी' म्हणजे ठोक्यासह.

मात्र इम्पॅक्ट ड्रिलच्या ठोक्यांकडूनही अवाजवी अपेक्षा ठेवू नये. आतील दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून हे ठोके निर्माण होतात. मिनिटाला वीस हजार, असा आकडा जाहिरातीत दिसतो. पण प्रत्येक ठोका अगदी दुबळा असतो. काँक्रीटसाठी लागतो तो 'रोटरी हॅमर'. त्यात हवेच्या दाबाने दट्ट्या मागे-पुढे होतो. त्याचे ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, परंतु प्रत्येक घाव जोरकस. शेंगाचटणी करणाऱ्या सोलापूरकरांना हा फरक वेगळा सांगायला नको: एक चमच्याची टकटक, दुसरा उखळातल्या मुसळाचा घाव. पंखा, वातानुकूलन यंत्र, पाण्याच्या टाकीचा कठडा अशी काँक्रीटमधील कामे वर्षातून एखाद्या वेळी निघतात. त्यासाठी महागडे यंत्र घेण्यापेक्षा वातानुकूलन यंत्र बसविणारा कारागीर घरी येईल त्या दिवशी बाकीच्या खुणाही पेन्सिलने करून ठेवाव्यात. एएसी ठोकळ्यांच्या घरात उलट पथ्य आहे. तेथे ठोके बंद ठेवून नुसते फिरवावे, अन्यथा भोक रुंदावते आणि रावल प्लग सैल बसतो.

ग्राहक सर्वाधिक फसतो तो व्होल्टच्या आकड्यात. लिथियमच्या एका घटाचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर सुमारे ४.२. पाच घट जोडले की सरासरी १८ आणि कमाल २१ व्होल्ट. याचा अर्थ १८, २० आणि २१ व्होल्ट असे लिहिलेली तीन यंत्रे प्रत्यक्षात एकाच दाबाची असू शकतात! '१२ व्होल्ट' या गटात तीन घट असतात आणि त्यांचा सरासरी दाब १०.८ असतो. इंटरनेटवर स्वस्तात मिळणाऱ्या, ४८ किंवा ८८ असे आकडे छापलेल्या यंत्रांचा मोह टाळावा. मुठीत मावेल एवढ्या बॅटरीत इतके घट बसणार कोठे? त्याऐवजी टॉर्क किती न्यूटन-मीटर आणि बॅटरी किती अँपिअर-तासांची, हे विचारावे. पडदे, फळ्या, चौकटी, विटेतील ६ ते ८ मिलिमीटरची भोके यांसाठी २५-३० न्यूटन-मीटरचे १२ व्होल्टचे इम्पॅक्ट ड्रिल पुरते, हे आमचे स्पष्ट मत आहे. १८ व्होल्टचे यंत्र अधिक ताकदवान खरे. पण ते जडही असते आणि शिडीवर उभे राहून डोक्याच्या वर धरताना हे वजन जाणवते.

या यंत्राचा इतिहासही रंजक आहे. पहिल्या विद्युत ड्रिलचे पेटंट १८८९ मध्ये मेलबर्नमध्ये घेण्यात आले. ब्लॅक अँड डेकरने बॅटरीवरील ड्रिल १९६१ मध्ये आणले. अंतराळ मोहिमेसाठी ते जन्मले, ही समजूत चुकीची. चंद्रावर ते पुढे १९७१ मध्ये, अपोलो-१५ बरोबर गेले. तेथेही नियोजित तीन मीटरपर्यंत भोक पडले नाही, यंत्र अडले. आपल्या लिंटेलपुढे हरलेल्यांनी फार खंत करू नये!

बॅटरीसंबंधी आणखी एक गोष्ट, आणि सोलापुरात तिला पर्याय नाही. लिथियम बॅटरीचा शत्रू उष्णता. बहुतेक उत्पादक ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये असे सांगतात, काही तर ही मर्यादा त्याहून खाली ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. मग पत्र्याखालील माळा किंवा उन्हातील मोटारीची डिकी किती तापत असेल, याचा विचार करावा. तेथे ठेवलेली बॅटरी न वापरताच म्हातारी होते. ती काढून घरातील थंड कपाटात, निम्मी चार्ज करून ठेवावी. यंत्र महिनोन् महिने पडूनच राहणार असेल, तर वायरचे साधे इम्पॅक्ट ड्रिल अधिक शहाणपणाचे. ते स्वस्त पडते, दहा वर्षांनीही सुरू होते. कॉर्डलेसची खरी सोय गच्चीवर, फाटकाशी, शेतातील खोलीवर किंवा वीजजोड न मिळालेल्या नव्या घरात.

दुकानदाराला विचारावयाचे प्रश्न दोनच: सुटी बॅटरी केवढ्याला मिळते आणि दुरुस्ती सोलापुरात होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते? बॅटरी मिळेनाशी झाली की उत्तम मोटारही भंगारच. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे.

अखेरीस, ज्यात चूक चालत नाही ते. वीजवाहिन्या आता भिंतीच्या आत असतात आणि बोर्डापासून बहुधा सरळ वर, खाली किंवा आडव्या जातात. या रेषांवर भोक पाडू नये. न्हाणीघराच्या भिंतीत नळांसमोरही हीच काळजी घ्यावी. ड्रिल बॅटरीवर आहे म्हणून धक्का बसणार नाही, हा समज घातक आहे. बिट आतील तारेला टेकले, तर वीज भिंतीतूनच येते. काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा. वायरच्या ड्रिलला ही सोय नाही, कॉर्डलेसला आहे. डोळ्यांवर चष्मा, पायात चप्पल हवी आणि शिडी धरायला खाली एक माणूस.