हदासची जांभळं

अश्दोदमध्ये आमच्या इमारतीभोवती हदासचं कुंपण आहे. सुक्कोथच्या सणाला लुलावबरोबर जी सुवासिक डहाळी हातात धरतात, तीच ही. इंग्रजीत तिला मर्टल म्हणतात. अलिबागहून येऊन आम्हाला तीस वर्षं झाली, पण मी तिची पानंच बघत आले. फळांकडे लक्ष वेधलं ते आईनं.

गेल्या सुक्कोथला तिनं एक हिरवं फळ तोंडात टाकलं आणि लगेच थुंकलं. "अगं, कच्चं जांभूळ अस्संच लागतं!"

मी वाचून बघितलं, तर आईचं खरंच होतं. हदास आणि जांभूळ एकाच कुळातले. कच्च्या फळात टॅनिन भरपूर. ते लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. फळ पिकायला लागलं की तुरटपणा उतरतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वाढतात. सालीतलं हिरवं क्लोरोफिल ओसरतं आणि अँथोसायनिन साठून फळ निळंकाळं होतं. हीच रंगद्रव्यं जांभळातही असतात.

ताल्मूदनंही या रंगाची दखल घेतली आहे. पिकलेली काळी फळं पानांपेक्षा जास्त असतील, तर डहाळी सणाला चालत नाही. हिरवी असतील, तर चालते.

सण संपला आणि इमारतीच्या समितीनं कुंपण छाटायचं ठरवलं. पिकलेली फळं गळून फरशीवर डाग पडतात, ही तक्रार. इकडे आई रोज खाली जाऊन फळं चाचपत होती. तिचं वय ८४. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय, त्यामुळे अलिबागची जांभळं आता तिच्या वाट्याला नाहीत. मी समितीकडे एक महिना मागून घेतला. म्हटलं, फरशी मी धुते.

नोव्हेंबरच्या अखेरीस फळं पिकली. आईनं एक चावलं आणि बराच वेळ चघळत राहिली.

"जांभूळ नाही हं हे. गर थोडा, बियाच फार. आणि निलगिरीसारखा वास येतो. पण नात्यातलं आहे."

निलगिरीही त्याच कुळातली, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

मग तिनं साबणानं हात धुतले. बोटांवरचा जांभळा डाग निळसर झाला. अँथोसायनिन अल्कलीत रंग बदलतं, हे मी सांगणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "जांभळं खाऊन आलो की आमचे हात असेच निळे व्हायचे."

कुंपण अजून छाटलेलं नाही. दर शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागायच्या आधी, मी फरशी धुते.