पाहण्या अनेक, खरे कोणते?

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांवर अनेक पाहण्या झाल्या. कुणी कर्जाला दोष देतो, कुणी दारूला, कुणी कापसाच्या भावाला. मग आपण खरे काय मानावे?

वाचकहो, त्याची रीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिली आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातिसंस्थेवर निबंध वाचला. सेनार्ट, नेसफील्ड, रिस्ले व केतकर या चार अभ्यासकांच्या व्याख्या त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. एकही पुरी नव्हती. पण एकीत सुटलेले दुसरीत सापडत होते. सगळ्या चाळून त्यांनी मर्म काढले : जातीबाहेर लग्नाला बंदी.

हीच चाळणी आपल्या जिल्ह्याला लावू. श्रीजित मिश्रा यांच्या २००६ च्या अभ्यासात यवतमाळ, वर्धा व वाशीम येथील १११ आत्महत्याग्रस्त घरे होती. त्यांच्या तुलनेसाठी आत्महत्या न झालेली १०६ घरेही पाहिली होती. ८७ टक्के प्रकरणांत कर्ज आढळले, ७४ टक्क्यांत घराची घसरलेली ऐपत. बेरीज शंभरावर जाते ती चुकीने नव्हे. एकाच घरावर अनेक संकटे होती म्हणून. तुलनेच्या घरांपेक्षा या घरांवर कर्जाचा बोजाही जास्त होता.

२०१२ साली डोंगरे व देशमुख यांचा विदर्भातील अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी गावकऱ्यांनाच कारणे विचारली. कर्ज, व्यसन, नापिकी, पडलेले भाव, सावकार, सारेच पुढे आले. पहिला अभ्यास किती ते सांगतो, दुसरा लोकांना काय वाटते ते. दोन्ही जोडले की कळते, 'कर्ज की दारू' हा वादच फोल आहे.

पण या पाहण्यांचा विषय होता शेतकरी. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो दुसऱ्याच्या शेतात राबतो, त्याचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ च्या अहवालापासून शेतमजुरांची वेगळी नोंद दिली. २०२२ साली देशात ५,२०७ शेतकऱ्यांनी आणि ६,०८३ शेतमजुरांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. मजुरांचा आकडा मोठा, चर्चा मात्र लहान!

म्हणून कोणतीही पाहणी वाचताना आपल्या मुलामुलींनी तीन प्रश्न विचारावेत. कुणाला विचारले? कशाशी तुलना केली? आणि कोण मोजायचे राहून गेले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा आपल्याच वस्तीत सापडेल.