आयकर विवरणपत्र सदोष ठरल्यास काय करावे?



आयकर विवरणपत्र ऑनलाईन भरून पोचपावती हाती आली की काम संपले, असे आपण समजतो. पण काही दिवसांनी ‘आपले विवरणपत्र सदोष आहे’ असा संदेश आला की मनात धास्ती निर्माण होते. काही जण लाजेपोटी तो संदेश कोणालाही दाखवीत नाहीत. आम्हांस येथे प्रथम हेच सांगावयाचे आहे की, ही नोटीस म्हणजे चोरीचा आरोप नव्हे. चूक दुरुस्त करण्यासाठी कायद्याने दिलेली ती संधी आहे. मात्र तिला मुदत असते.

नोटिशीचा अर्थ

ही नोटीस आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १३९(९) खाली बेंगळुरू येथील केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडून येते. (आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलबजावणीची तारीख १ एप्रिल २०२६ ही आहे. त्यापूर्वीच्या वर्षांच्या उत्पन्नाला जुनाच कायदा लागू राहतो.) उत्तरासाठी सामान्यतः १५ दिवस मिळतात. सबळ कारण असल्यास मुदतवाढ मागता येते.

मुदतीत उत्तर न दिल्यास विवरणपत्र भरलेच नव्हते, असे धरले जाऊ शकते. मग परतावा अडकतो. मूळ मुदत संपलेली असल्यास विलंब शुल्क पडते. ते ५,००० रुपयांपर्यंत असते. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल, तर ते १,००० रुपयांपेक्षा अधिक नसते. पगारदार व निवृत्तिवेतनधारकांची त्या वर्षापुरती जुनी करप्रणाली निवडण्याची संधीही जाते.

चूक कोठे होते?

धाराशिव जिल्ह्यातील येरमाळ्यासारख्या गावातील एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण घेऊ. बँकेने त्यांच्या मुदतठेवीच्या व्याजातून कर कापला. तो कर परत मिळावा म्हणून त्यांनी विवरणपत्रात दाखविला, परंतु ते व्याज उत्पन्नात दाखवायचे राहून गेले. कापलेला कर दिसतो, पण ज्यावर तो कापला ते उत्पन्न दिसत नाही. विवरणपत्र सदोष ठरण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून भरण्यापूर्वी २६ एएस आणि वार्षिक माहितीपत्रक बँकेच्या पुस्तकाशी ताडून पाहावे.

दुसरे कारण चुकीचा नमुना. धंद्याचे उत्पन्न असलेल्यास ‘सहज’ म्हणजे आयटीआर-१ चालत नाही. शेतीचे उत्पन्न ५,००० रुपयांहून अधिक असल्यासही तो चालत नाही. पगार किंवा निवृत्तिवेतनाबरोबर सोयाबीन-तुरीचे उत्पन्न असेल, तर साधारणतः आयटीआर-२ भरावा लागतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे हे खरे. तरीही ते दाखवावे लागते, कारण इतर उत्पन्नावरील कराचा दर ठरविताना ते विचारात घेतले जाते. सोपा नमुना चालावा म्हणून तेथे शून्य लिहिणे योग्य नव्हे.

दुरुस्तीची रीत

१. आयकर विभागाच्या पोर्टलवर आपल्या पॅन क्रमांकाने प्रवेश करावा. ‘पेंडिंग ॲक्शन्स’मधील ‘ई-प्रोसीडिंग्ज’ येथे नोटीस असते. तेथे ती नसेल, तर आलेल्या संदेशावर विश्वास ठेवू नये आणि ओटीपी कोणासही सांगू नये.

२. नोटिशीत दोष व त्यावरील उपाय दिलेला असतो. तो शांतपणे वाचावा.

३. दोष मान्य असल्यास तसे नोंदवून दुरुस्त विवरणपत्र त्या नोटिशीच्या उत्तरादाखल सादर करावे. त्यात मूळ पोचपावतीचा क्रमांक, नोटिशीचा क्रमांक व दिनांक द्यावा. दोष मान्य नसल्यास कारणे लिहावीत. एकदा पाठविलेले उत्तर मागे घेता येत नाही.

४. दुरुस्त विवरणपत्राची आधार ओटीपीने किंवा नेट बँकिंगद्वारे पडताळणी करावी. पडताळणीची मुदत ३० दिवसांची आहे. हा टप्पा विसरल्यास सारे श्रम वाया जातात.

स्वतःचा मोबाईल, स्वतःची जबाबदारी

गावाकडे पुष्कळदा ई-सेवा केंद्रातून विवरणपत्र भरले जाते आणि मोबाईल क्रमांक व ई-मेल केंद्रचालकाचा दिला जातो. मग नोटीस त्याच्याकडे जाते आणि आपले १५ दिवस नकळत सरतात. ज्यांचा क्रमांक असा नोंदला गेला आहे, त्यांनी पोर्टलवर तो आजच बदलून घ्यावा.

कर भरणे हे नैतिक कर्तव्य आहे, असे कॅथोलिक ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (परिच्छेद २२४०) सांगते. ज्यांचा सण आपण २१ सप्टेंबर रोजी साजरा करतो, ते संत मत्तय स्वतः जकातदार होते. प्रभूने त्यांना जकातीच्या नाक्यावरूनच बोलाविले. हिशेबातील चूक प्रामाणिकपणे मान्य करून सुधारण्यात कमीपणा नाही. आपल्या धर्मग्रामातील संगणक जाणणाऱ्या तरुणांनी या कामी एखाद्या वृद्धाशेजारी तासभर बसावे, अशी आमची नम्र विनंती आहे. तीही सेवाच होय.